दोन्ही तळवे खाली

भेस्तान, सुरत
९ जून २०२५

आणि स्पीकरचं तू परत काढलंसच! विषय चालला होता पोराचा, त्यात माझा स्पीकर कुठून आला? हप्ते मी भरतो, रविवारी घटकाभर गाणी लावतो. खाली अख्खा कारखाना रात्रंदिवस धडधडतो, त्याला तू काही म्हणत नाहीस. पण स्पीकर दिसला की तुझं तोंड सुरू. सुरू स्पीकरवर होतं आणि संपतं माझ्या सातवीवर.

मायना लिहायचा राहिला. राहू दे. तूच फोनवर म्हणालीस, "तुम्ही बोलत नाहीत, ओरडतात. काय सांगायचं ते कागदावर लिहा. कागदावर ओरडता येत नाही." घे, लिहितोय. अगं, कापडाच्या लूमवर काम करणारा प्रत्येक माणूस ओरडतो. बारा तास मशीनमध्ये राहून गळ्याला तीच सवय लागते. आमच्या कारखान्यातला सुकलालभाऊ तर देवळातसुद्धा ओरडून मागणं मागतो. पुजारी त्याला म्हणाला, हळू बोल भो, देव आपलाच आहे, बहिरा नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी गेलीस. शेजारच्या प्रमिलाबाई रोज विचारतात, "काय रे धर्मा, रंजना कधी येणार?" मी म्हणतो, आंबे संपले की येईल. आता आंबेही संपले. तू फोन उचलत नाहीस. मामी, म्हणजे तुझ्या आई, उचलतात आणि म्हणतात रंजना वावरात गेली. एवढं काय पिकतं गं तुमच्या वावरात जूनमध्ये?

तुमच्या अंगणवाडीच्या पुष्पाबाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं. चेतन साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. पोरांत खेळत नाही, ओट्यावर एकटाच गोल गोल फिरतो. म्हणून त्याला धुळ्याला सरकारी दवाखान्यात न्या, तिथं लहान मुलांची वाढ तपासतात. वाढ काय पट्टीनं मोजतात? पोरगा दारातल्या पेरूच्या झाडाएवढा झाला की.

आणि बोलत नाही कोण म्हणतं? हातांनी बोलतो तो. कारखान्यात आम्ही सगळे बोलतो तसाच. धागा तुटला तर दोन बोटं जोडून तोडायची. चहा पाहिजे तर अंगठा ओठाला. दोन्ही तळवे खाली दाबले की मशीन थांबव. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. मी जिन्यात बसून एकेक करायचो आणि तो जसंच्या तसं करून दाखवायचा. शेठसमोर त्यानं पोटावरून हात फिरवला तेव्हा सगळी पाळी हसून लोळली होती, आठवतं का? एवढा हुशार पोरगा, त्याला तुझ्या पुष्पाबाई वेडा ठरवणार?

एकदा का कागदावर लिहिलं की पोरगं मंद आहे, तर तो कागद पोराच्या आधी शाळेत पोचतो. मग कोणी बघत नाही पोराकडे, सगळे कागदाकडेच बघतात.

मला वाटतं कानाचं असेल. लूमच्या वर जन्मलेली पोरं, कान जड होतातच. सुकलालभाऊच्या पुतण्याला कानात मशीन लावली, आता गाणी म्हणतो. कानाचं असलं तर माझी हरकत नाही, कानाला इलाज आहे. तू असं कर, तो पाठमोरा खेळत असला की मागून ताट वाजव. वळतो का बघ आणि लिही.

चेत्याला माझ्याकडून "शेठ आला" करून दाखव. हसला तर तेही लिही.

तुझा
धर्मेंद्र (हळू आवाजात)


२३ जून

रंजना,

तुझं पत्र ट्रॅव्हल्सवाल्यानं उधन्याला उतरवलं, मी ड्यूटी सुटल्यावर जाऊन आणलं. रस्त्यातच वाचलं, एका रिक्षावाल्यानं शिव्या दिल्या.

ताट वाजवलंस आणि तो नुसता वळला नाही, दोन्ही कानांवर हात ठेवून बाजेखाली घुसला. वर मामी तुलाच ओरडल्या की पोराला घाबरवते. गावाच्या त्या टोकाला पिठाची गिरणी सुरू झाली तरी तो बाजेखाली जातो, असं लिहिलंयस. म्हणजे कान चांगले आहेत. आपल्या दोघांपेक्षा चांगले. मग झालं की! मिटलं.

मिटलं असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कान चांगले आहेत तर मग बोलत का नाही, हे तू विचारलंच नाहीस. माझं मलाच विचारावं लागलं.

तू लिहिलंस की तिथं तो रात्रभर झोपतो. भेस्तानला कधी झोपला होता? डोकं भिंतीवर आपटायचा, दातांनी उशी फाडायचा. गावची हवा लागली असेल. थंड असते रात्री.

तो गोल फिरतो, एका जागी बसत नाही, तर रंजना, मी कुठे बसायचो? मास्तर मला भिंगरी म्हणायचे. सातवीत वर्गाबाहेर उभं केलं, तर मी उभा न राहता घरीच निघून गेलो, आणि मग गेलोच नाही. पोरगं माझ्यावर गेलंय, एवढंच. मला जर त्या वेळी तपासलं असतं तर माझाही कागद केला असता कोणीतरी.

आता सांगतो, पण मामांना, तुझ्या आप्पांना, सांगू नकोस. मी लूम सोडून पलसाण्याला एका डाइंगमध्ये लागलो होतो. पगार जास्त होता. पण त्या रंगाच्या वाफेत डोकं गरगरायला लागलं आणि आठवड्याच्या आत परत आलो. सुकलालभाऊ दारातच उभा.

"आला का भिंगरी? माले वाटनं आजून पुढे जाशी."

"पुढे जागा नव्हती," मी म्हटलं.

शेठनं काही न बोलता परत मशीन दिली. पावसात माणूस मिळत नाही त्याला.

तुझ्या पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. मी कागदाचं लिहिलं होतं, त्यावर तू लिहिलंस: "आमच्या आप्पांच्या आधीची तिन्ही भावंडं जगली नाहीत, म्हणून नजर लागू नये म्हणून आजीनं ह्यांचं नाव दगा ठेवलं. दगा म्हणजे दगड. मग आप्पा दगड झाले का?"

मी पुष्कळ विचार केला. मामा दगड नाहीत. लग्नात तुला पाठवताना तेच सगळ्यात जास्त रडले होते, मंडपाच्या बांबूला धरून. तुझ्या ओळीला उत्तर मला अजून सुचलं नाही. सुचलं की लिहीन.

शेठ आला केलंस का? हसला का? तेच लिहायला विसरलीस.

धर्मेंद्र


७ जुलै

रंजना,

हसला नाही, पण पोटावरून हात फिरवला, असं तू लिहिलंस. पुरे मला तेवढं.

एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस आणि फार खूशही होऊ नकोस. मी इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. शेठला सांगितलं पोट दुखतंय. मी काही हो म्हटलेलं नाही. म्हटलं जे लोक माझ्या पोराला हात लावणार ते कसे आहेत, ते आधी बघून येऊ. बैल घेतानासुद्धा माणूस गोठा बघतो.

लहान मुलांची खोली वेगळी आहे. भिंतीवर मोर काढलाय, त्याची एक बाजू उडालीय. खाली सतरंजी आणि खेळणी. एक पोरगा बसला होता, चेत्यापेक्षा थोडा मोठा. डब्याचं झाकण फिरवायचा, पडलं की परत फिरवायचा. त्याची आजी बाजूला बसून शेंगा सोलत होती, जशी काही घरच्या ओट्यावर बसलीय. मी त्या झाकणाकडेच बघत राहिलो. आपल्या चेत्याचं ते स्टीलचं झाकण, डाळीच्या डब्याचं. तसंच फिरत होतं.

टेबलावर एक बाई होत्या, चष्मेवाल्या. मी म्हटलं, "मेरा लड़का है, साढ़े तीन साल का."

"क्यां छे?"

"गाँव में. महाराष्ट्र."

पोराशिवाय मी काय बघू म्हणून हसायलाच लागल्या. "बाळक वगर हूं शूं जोऊं, भाई?"

मी उठायला लागलो, पण माझ्या मागे रांग नव्हती, म्हणून की काय, म्हणाल्या बसा. मग हिंदीत विचारायला लागल्या. तो बोट दाखवून तुम्हाला काही दाखवतो का, जसं की ते बघा, बस आली? मी लगेच हो म्हटलं. मग म्हटलं, नाही बहुतेक. भूक लागली की काय करतो? पाणी पाहिजे असलं की?

मी सांगितलं, माझा हात धरतो आणि नेऊन माठावर ठेवतो. माझ्या तोंडाकडे नाही बघत, हाताकडे बघतो. रंजना, हे मी कौतुकानंच सांगितलं, हुशार आहे म्हणून. बाईंनी नुसती मान हलवली. ती मान मला आवडली नाही.

म्हणून मग मी हातांचं सगळं करून दाखवलं. धागा तुटला, चहा, मशीन थांबव, शेठ आला. शेठवर त्या एवढ्या हसल्या की शेंगावाली आजीसुद्धा हसली. मला वाटलं जिंकलो.

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "ये सब आपके करने के बाद करता है, या अपने आप भी? कभी इशारे से कुछ माँगा है उसने? कुछ भी?"

मी आठवायला लागलो.

"याद करके आना. और उसको लेके आना. यहाँ दूर पड़ता हो तो धुलिया में दिखाओ, पर दिखाओ."

मी उठता उठता विचारलंच, "मंद है क्या?"

"मैंने देखा ही नहीं उसको. आप सूरतवाले हो, कपड़ा देखे बिना भाव बोलते हो क्या?"

एवढंच झालं. कोणी मला काही लिहून दिलं नाही, शिक्काबिक्का काही नव्हता तिथं. येताना त्या आजीनं मूठभर शेंगा दिल्या. मी नको म्हणत होतो, तरी खिशात घातल्या.

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण बाईंचा तो प्रश्न डोक्यात बसलाय. आठवून बघ तूही. माझ्या आधी हात न करता त्यानं कधी काही मागितलंय का?

धर्मेंद्र


१५ जुलै

रंजना,

मला आठवलं.

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितोय, कारण हे पोटात ठेवून मला जेवण जात नाही.

काल मशीनवर होतो. पार समोरच्या ओळीतून सुकलालभाऊनं दोन्ही तळवे खाली दाबले. माझ्या मागच्या मशीनचा धागा गुंडाळला होता, मला दिसला नव्हता. मी बघितलं नाही, विचारलं नाही, हात आपोआप गेला आणि मशीन थांबली. थांबली, आणि मी तिथंच उभा. सुकलालभाऊ हातानं विचारतो, काय झालं? मला सांगता येईना. त्या गोष्टीला हातांच्या भाषेत शब्द नाही.

तुला दिवाळीनंतरच्या रात्री आठवतात ना, रात्रीची दुसरी पाळी सुरू झाली तेव्हाच्या? चेत्या भिंतीपाशी उभा राहायचा. माझ्याकडे तोंड नाही, तुझ्याकडे नाही, भिंतीकडे. आणि दोन्ही तळवे खाली दाबायचा. परत परत. रडत रडत दाबायचा. मी काही केलेलं नसायचं त्याच्या आधी. मी तर झोपेतून उठून बघायचो. आणि काय म्हणायचो? "बघ, माझा पोऱ्या आतापासून कारखाना चालवतो." प्रमिलाबाईंना बोलावून दाखवायचो. त्या जिलेबी द्यायच्या त्याला. आपण सगळे हसायचो.

रंजना, तो मागत होता गं. मशीन थांबव म्हणत होता. भिंतीला म्हणत होता, कारण आवाज भिंतीतून यायचा. आपल्या अख्ख्या चाळीत प्रत्येकाला ती खूण कळते. बाहेरचा कोणी असता तर त्याला कळलं नसतं, त्याला मी माफ केलं असतं. सुकलालनं केली की मी मशीन थांबवतो. माझ्या आंडोरनं, पोटच्या पोरानं, केली तर टाळ्या वाजवतो.

लाईट जायची तेव्हा आठव. सगळी चाळ शिव्या द्यायची, पगार कापला जाणार म्हणून. आणि हा एकटा खुदकन हसायचा, जमिनीवर गाल टेकून झोपून जायचा. आपण त्याला शेठचा दुश्मन म्हणायचो. आणि मग रविवारी तेवढी मशीन बंद, तर मी स्पीकर लावायचो.

तू किती वेळा म्हणालीस, स्पीकर बंद करा, त्याला सहन होत नाही. मला वाटायचं तुलाच सहन होत नाही आणि नाव पोराचं घेतेस.

म्हणजे त्याला मागता येतं. त्या बाईंना हे सांगायचं आहे मला. एक तर एक, पण त्यानं आपणहून मागितलं. आणि तुझ्या दगाचं उत्तर मला मिळालं नाही, कारण त्याला उत्तर नाहीच. तू बरोबर आहेस. मी कागदाला भीत बसलो आणि पोरगं भिंतीशी बोलत राहिलं.

दाखवू आपण. धुळ्याला. पण माझ्याशिवाय जाऊ नकोस. हट्ट नाही, विनंती आहे. ते विचारतील तेव्हा भिंतीचं मला सांगू दे. तुला तो हाताचा भाग नीट येत नाही, तू "चहा" करतेस तर "विडी" वाटते.

काय निघेल ते निघो. पुष्पाबाईंना माझा नमस्कार सांग. वेडा ठरवणार असं जे लिहिलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं नसशील अशी आशा आहे.

तुझा
धर्मेंद्र


२६ जुलै

प्रिय रंजना,

बघ, मायना आला.

तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दाम रेल्वे फाटकाच्या पलीकडे जाऊन बोललो. ओरडलो नाही ना? तू म्हणालीस, "आज हळू बोलले, बरं वाटत नाही का?" आता हळू बोललं तरी तुला काळजी.

आता ऐक. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला मी येतोय. शनिवारी उतरेन दहिवेलच्या फाट्यावर, तुम्हाला दोघांना घेऊन आपल्या गावी जाऊ. रोटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात, तर चेत्याच्या नावाची मूठ ह्या वर्षी त्यानंच टाकावी असं माझ्या मनात आहे. त्याची सव्वा मूठ म्हणजे चिमणीचा घास होईल. होऊ दे. टाकली नाही तर मी त्याच्या हाताखाली हात धरीन. आणि त्याला गव्हात नुसता हात बुडवून बसायचं असलं तर बसू दे, रोट उशिरा होईल.

भाऊनं डीजे सांगितलाय रात्रीचा. मी फोन करून सांगितलं की चेत्या त्याच्यासमोर येणार नाही. माय म्हणाली, "कानबाईना जागरले नातू नही? लोके काय म्हनतीन?" मी म्हटलं, माय, मी त्याला घेऊन मळ्यात झोपेन, सकाळी विसर्जनाला आणतो. कानबाईला चालेल. माय अजून फुगलेली आहे. ती उतरेल, तू तिच्या बाजूला बसून पुरणाचं काहीतरी विचार, म्हणजे उतरेल.

सोमवारी विसर्जन, मंगळवारी सकाळच्या गाडीनं धुळे. तू खिडकीत बस आणि त्याला मांडीवर घे, हॉर्न वाजला की कान मी धरीन. डाळीच्या डब्याचं झाकण मी इथून आणतोय. पोर त्या तपासणाऱ्या बायांपुढे रिकाम्या हातानं कसं बसेल?

धुळ्यात ते काय सांगतील मला माहीत नाही. रात्री विचार येतात. मोठा झाल्यावर माझ्याशी बोलेल का, शाळेत बसेल का, मी मेल्यावर माठावर ठेवायला त्याला आपला हात कोण देईल. मग मी उठून जिन्यात बसतो. हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं, आता खोडत नाही.

खोलीचंही बघतोय. सचिन गावाच्या पुढे, कारखान्यांच्या मागे ऊस सुरू होतो तिथं एक चाळ आहे. अर्धा तास उभा राहून नुसतं ऐकलं. बेडूक, एक कुकर, आणि लांबून गाडी गेली. घरमालकीण म्हणाली, "शूं सांभळो छो, भाई?" म्हटलं काही नाही, काही ऐकू येत नाही तेच ऐकतोय. तिला वाटलं मी भाडं कमी करायला नाटक करतोय. तिथून कारखान्यात यायला सायकल लागेल, सुकलालभाऊ त्याची जुनी देतोय. वर म्हणतो, "भिंगरीले चाक भेटनं." म्हणू दे त्याला काही. तू येणार की नाही ते धुळ्यानंतर ठरव, मी घाई करत नाही.

हे पाकीट ट्रॅव्हल्सवाल्याकडे देतोय, फाट्यावर मामांना पाठव घ्यायला. आत पैसे आहेत, ते मामींच्या डब्यात टाकू नकोस आणि रोटाला वापरू नकोस. धुळ्याचं भाडं, चेत्याला तिथं जे लागेल ते, आणि उरले तर तुला चप्पल. पगारातले नाहीत, म्हणून काळजी करू नकोस. खालच्या पाळीतल्या एका पोराला स्पीकर देऊन टाकला. नवा असताना केवढ्याचा होता ते तू मला कितीतरी वेळा ऐकवलंस, म्हणून परत लिहीत नाही. जुन्याचे जेवढे आले तेवढे सगळे पाठवतोय, दोन हजार सहाशे रुपये.